बडोद्यात घराबाहेरच्या लाकडी डेकला आणि कुंपणाला स्टेन करण्यासाठी कारागीर कसा निवडावा?

समा-सावलीकर (प्रश्न)

सप्रेम नमस्कार.

समा भागातील आमच्या घरामागे २२ फूट लांब आणि १२ फूट रुंद असा पाइनच्या फळ्यांचा डेक आहे, आणि बागेच्या दोन बाजूंना मिळून ६० फूट लांबीचे, ४ फूट उंचीचे सागवानी पट्ट्यांचे कुंपण आहे. दोन्ही कामे सात वर्षांपूर्वी झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा डेक दोन दिवस पूर्ण पाण्याखाली होता आणि कुंपणही निम्मे बुडाले होते. पाणी ओसरल्यावर फळ्यांच्या फटींत इतका गाळ बसलेला होता की तो आम्ही स्वयंपाकघरातल्या जुन्या उलथन्याने उकरून काढला.

त्यानंतर दिवाळी तोंडावर आली म्हणून मी घाई केली. आमच्या घरातले दिवाणखान्याचे फर्निचर आणि झोपाळा ज्यांनी अतिशय सुंदर पॉलिश करून दिला होता, त्याच कारागिराला बोलावून डेक आणि कुंपण या दोहोंवर व्हार्निशचे दोन हात मारून घेतले. दिवाळीत पाहुण्यांनी कौतुक केले. होळीपर्यंत डेकच्या दक्षिणेकडील भागात कडा उचलू लागल्या, आणि आता या पावसाळ्यानंतर तेथे कांद्याच्या पापुद्र्यासारखे पोपडे निघत आहेत. चाफ्याच्या सावलीतला भाग मात्र पुष्कळसा शाबूत आहे. कुंपणावर प्रत्येक खिळ्याभोवती काळा डाग पडून तो खाली ओघळला आहे.

मी तीन जणांना घरी बोलावून भाव विचारला. पहिल्याने ३८ रुपये चौरस फूट असा दर सांगितला, डेकचे २६४ आणि कुंपणाचे २४० असे ५०४ चौरस फूट धरले आणि १९,१५२ रुपयांचा आकडा दिला. दुसऱ्याचा दर ३० रुपयेच होता, परंतु त्याने कुंपणाच्या दोन्ही बाजू मोजल्या, त्यामुळे ७४४ चौरस फूट होऊन रक्कम २२,३२० झाली. तिसऱ्याने टेप काढलीच नाही. तो गुडघ्यावर बसला, फळी नखाने खरवडली, कडेने हात घालून खालची आडवी लाकडे चाचपली आणि मग उक्ते ४१,००० रुपये सांगितले. पहिला नवरात्र संपताच काम सुरू करून धनत्रयोदशीच्या आत देण्यास तयार आहे. तिसरा म्हणतो की लाभपंचमीनंतर (दिवाळीनंतरच्या पंचमीनंतर) येईन, आधी येणार नाही. मालाच्या बाबतीत पहिला पुन्हा व्हार्निशच सुचवतो, दुसरा 'स्टेन' (लाकडाला रंग देणारा लेप) म्हणतो पण कोणता ते सांगत नाही, आणि तिसऱ्याचा आग्रह बाहेरच्या वापराच्या पारदर्शक पीयूचा (पॉलियुरेथेनच्या लेपाचा) आहे.

तिसऱ्याची रक्कम पहिल्याच्या दुपटीहून अधिक आहे. ती कशासाठी द्यायची, आणि अशा कामाला माणूस निवडताना नेमके काय पाहायचे, हे ज्यांनी असे काम करून घेतले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

रावपुऱ्याचे काका

मी रावपुऱ्यात २६ वर्षे रंगाचे दुकान चालवले आणि आता ते मुलगा पाहतो. म्हणून कोणत्या कंपनीचा डबा घ्यावा हे मी मुद्दामच सांगणार नाही. बाकी जे माहीत आहे ते लिहितो.

आधी तुमच्या व्हार्निशचे काय झाले ते समजून घ्या, कारण कारागीर पारखायची किल्ली त्यातच आहे. पुरात दोन दिवस भिजलेली फळी वरून चार दिवसांत कोरडी दिसते, पण आतला ओलावा निघायला कित्येक आठवडे लागतात. तुम्ही तो आत असतानाच वरून काचेसारखा थर चढवला. पुढे ऊन तापले, आतली वाफ बाहेर पडायला वाट शोधू लागली आणि तिने थर उचलला. दुसरे कारण उन्हाचे आहे. पारदर्शक व्हार्निशमधून अतिनील किरणे आरपार जातात आणि लाकडाचे तंतू धरून ठेवणारे जे लिग्निन असते त्याचा वरचा पापुद्रा मोडतात. व्हार्निश शाबूत असते, पण ते ज्या लाकडाला धरून आहे तेच भुसभुशीत होते. चाफ्याखालचा भाग टिकला आणि दक्षिणेचा गेला, त्याचे कारण हेच. रंगद्रव्य असलेला स्टेन ऊन अडवतो, म्हणून बाहेरच्या लाकडाला थोडा तरी रंग हवा. अगदी बिनरंगी लेप बाहेर फार काळ टिकत नाही, डब्यावर काहीही लिहिलेले असो.

यावरून तुमच्या तिसऱ्या माणसाबद्दल माझे मत असे की त्याची नजर बरोबर आहे आणि माल चुकीचा आहे. पीयू वाईट नाही, पण डेक ही चालण्याची आडवी जागा आहे. तिच्यावर पाणी साचते, खुर्च्या सरकतात, कुत्रे पळते. तेथे साय धरणारा कोणताही लेप आज ना उद्या फुटणार, आणि फुटला की संपूर्ण खरवडल्यावाचून दुरुस्ती होत नाही. डेकला आत मुरणारा तेलाचा स्टेन लावा. तो दोन-अडीच वर्षांत फिका पडेल, पण पोपडे निघणार नाहीत. धुऊन, हलका पेपर (घासकागद) मारून त्यावरच पुन्हा एक हात देता येईल. कुंपण उभे असल्यामुळे पाणी निथळते आणि पायांची घासणी नसते, म्हणून तेथे थोडा जाड, रंगीत लेप चालतो आणि साधारणपणे डेकपेक्षा अधिक टिकतो. एकाच घरात दोन प्रकारचा माल लावायला रंगारी कुरकुर करतात. त्यांना करू द्या.

आता माणसांविषयी. आपल्याकडे लाकडाचे कारागीर थोर आहेत यात शंका नाही. जवळच संखेड्याला खरादी मंडळी सागवानावर लाखेचे जे काम करतात ते जगभर जाते. पण ते काम, तसेच आपल्या घरांत होणारे स्पिरिट पॉलिश आणि मेलामाइन, हे सगळे छपराखालचे शास्त्र आहे. लाखेच्या पॉलिशवर पाणी राहिले की ते पांढरे पडते. तुमच्या गेल्या वेळच्या कारागिराने झोपाळा उत्तम केला असेल, आणि तरीही डेक त्याचा विषय नव्हता. केवळ बाहेरच्या लाकडाचे काम करणारा वेगळा धंदा आपल्या गावात जवळजवळ नाही. त्यामुळे 'डेकचा माणूस' शोधत बसण्यापेक्षा चांगला पॉलिशवाला किंवा रंगारी घ्या आणि काम कसे करायचे ते तुम्ही ठरवून द्या.

माणूस आल्यावर तो काय सांगतो यापेक्षा काय विचारतो इकडे लक्ष ठेवा. लाकूड कोणते, आधी काय लावले होते, पाणी कोठे साचते, ऊन किती तास असते, हे ज्याने विचारले नाही त्याचा दर ऐकण्यात अर्थ नाही. मग तुम्ही त्याला विचारा की घासकामाला किती दिवस लागतील. माझ्या हिशेबाने तुमच्या कामात घासणे, धुणे आणि वाळवणे यांचे चार-पाच दिवस जातील आणि लावण्याचे दीड-दोन. 'दोन दिवसांत सगळे करून देतो' असे म्हणणारा तुमच्या जुन्या व्हार्निशवर फक्त पेपर फिरवणार आहे. ४१,००० मधला मोठा वाटा या चार-पाच दिवसांचा असावा; तसे नसेल तर रक्कम जास्त आहे.

दुकानदार म्हणून एक गोष्ट उघड करतो. काही डब्यांत रंगाऱ्यासाठी टोकन (बक्षिसाचे कुपन) असते, आणि त्याचा आग्रह कधी कधी मालासाठी नसून टोकनासाठी असतो. त्यात गैर काही नाही, टोकन त्यालाच घेऊ द्या. पण माल तुम्ही स्वतः बिलावर आणा, डबे तुमच्या समोर फोडले जाऊ द्या आणि त्यात किती पातळ करायचे ते डब्यावर लिहिले असेल तेवढेच करू द्या. निम्मे थिनर घातलेला स्टेन लावताना फार छान पसरतो.

दिवाळीची घाई पुन्हा करू नका. दसरा ते धनत्रयोदशी या काळात गावातला प्रत्येक रंगारी तीन ठिकाणी हात अडकवून बसलेला असतो, आणि तुमचे लाकूड पावसाचे पाणी प्यालेले असते. लाभपंचमीनंतर दोन्ही मोकळे होतात.

मोजपट्टी

मी स्थापत्य अभियंता आहे आणि माझ्या नोकरीतला मोठा काळ ठेकेदारांची बिले तपासण्यात गेला, त्यामुळे मोजमापाच्या मुद्द्यावर लिहिते. काकांनी लाकडाविषयी जे सांगितले आहे त्यात मी भर घालणार नाही.

तुमच्या पहिल्या दोन आकड्यांची तुलना होऊच शकत नाही, कारण दोघे वेगवेगळी वस्तू मोजत आहेत. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या पद्धतीत कठडे, गज आणि जाळ्या यांचे सपाट क्षेत्र एकदाच धरतात आणि त्या एका मापात सर्व बाजूंचे रंगकाम आले असे मानतात. दोन पट्ट्यांमधल्या मोकळ्या जागेचेही माप त्यात येत असल्यामुळे हिशेब साधारण जुळतो. खाजगी कामाला हा नियम बंधनकारक नाही, पण बोलणी करताना आधार म्हणून चांगला आहे. तुमच्या पट्ट्यांमध्ये मोकळी जागा किती आहे ते पाहा. पट्ट्या एकमेकींना लागून असतील तर दोन्ही बाजू मोजण्याची दुसऱ्या माणसाची मागणी रास्त आहे. बोटभर फटी असतील तर पट्ट्यांच्या कडाही रंगवाव्या लागतात हे विसरू नका, कारण पाणी कडांतूनच शिरते.

तुमच्यासारख्या कामात मी उक्त्या रकमेच्या बाजूची आहे, मात्र उक्ते म्हणजे तोंडी नव्हे. एका कागदावर कामाचा क्रम लिहा, आणि तो कागद गुजरातीत किंवा हिंदीत लिहा, कारण ज्याने काम करायचे त्याला तो वाचता आला पाहिजे. माझ्या अनुभवात मराठीत लिहिलेली अत्यंत काटेकोर यादी भिंतीवर चिकटवून ठेवल्यामुळे फक्त मलाच समाधान मिळाले. जुना लेप लाकूड दिसेपर्यंत काढणे, ८० नंबरचा आणि मग १०० किंवा १२० नंबरचा पेपर लाकडाच्या रेघेच्या दिशेने मारणे, धुऊन किती दिवस वाळू देणे, फळ्यांच्या कापलेल्या तोंडांना जास्तीचा हात देणे, स्टेनचे किती हात, आणि भिंतीवर व फरशीवर पडलेले थेंब कोणी पुसायचे, एवढे त्यात असावे. १२० च्या पुढचा बारीक पेपर डेकला मारू देऊ नका. फर्निचरच्या सवयीने कारागीर २२० पर्यंत जातात आणि लाकूड आरशासारखे करतात. मग स्टेन आत मुरतच नाही.

ओलावा मोजण्याचे दोन सुयांचे लहान यंत्र बाजारात मिळते. लाकडात १५ टक्क्यांच्या वर ओलावा दाखवत असेल तर थांबावे. यंत्र नसेल तर घासून झालेल्या फळीवर पाण्याचे थेंब टाकून पाहा. थेंब तसाच मण्यासारखा उभा राहिला तर आधीचा लेप अजून लाकडात आहे, आणि मिनिटाभरात जिरला तर लाकूड स्टेन घेण्यास तयार आहे. ही चाचणी जिरण्याची आहे, कोरडेपणाची नाही. काही लोक दोन्ही एकच समजतात.

पैसे असे द्यावेत: माल तुमचा असल्यामुळे मजुरीतले पाचवा हिस्सा आगाऊ, घासकाम डोळ्यांनी पाहून झाल्यावर निम्मे, आणि उरलेले काम संपल्यावर. दहा टक्के पहिल्या पावसापर्यंत रोखून ठेवता आले तर उत्तम.

दांडिया बाजार, दुसरा मजला

विषय थोडा शेजारचा आहे, पण कारागीर तेच आहेत म्हणून येथेच लिहितो. आमच्या जुन्या वाड्याच्या सज्जाला लाकडी कठडा आहे आणि त्यावर आजोबांच्या काळापासून तेलरंगाचे थरावर थर चढले आहेत. मागच्या हिवाळ्यात आम्ही ज्याला काम दिले त्याने यंत्राने घासायला सुरुवात केली आणि अर्ध्या तासात हिरवी-पिवळी धूळ खालच्या मजल्यावरच्या पापडांच्या वाळवणावर बसली. पापड गेले, शेजारीण चिडली आणि काम थांबले.

नंतर कळले की चिंता फक्त पापडांची नव्हती. जुन्या तेलरंगांत शिसे असण्याची शक्यता मोठी असते. आपल्या देशात घरगुती रंगांतल्या शिशाला दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये झाले आणि त्यांची अंमलबजावणी नोव्हेंबर २०१७ पासून सुरू झाली, म्हणजे त्याआधीच्या रंगाविषयी खात्री देता येत नाही. अशा ठिकाणी कोरडे घासणे टाळावे, पाणी फवारून ओल्या पेपरने किंवा रंग काढणाऱ्या लेपाने काम करावे, खाली प्लास्टिक अंथरावे आणि लहान मुलांना तेवढे दिवस दूर ठेवावे. समा-सावलीकर, तुमचे कुंपण सात वर्षांचेच असले तरी त्याचे खांब जुन्या घराच्या तुळयांतून काढलेले असतील तर हे लक्षात असू द्या. बडोद्यात जुने सागवान असेच फिरत असते.

कारागिराने तोंडाला साधा रुमाल बांधला होता. मी त्याला चांगला मास्क आणून दिला, तो त्याने कपाळावर लावला.

समा-सावलीकर

सर्वांचे मनापासून आभार. काका, तुमचा 'नजर बरोबर, माल चुकीचा' हा शेरा वाचून मी तिसऱ्या कारागिराला पुन्हा बोलावले. तोपर्यंत थेंबांची चाचणी स्वतः करून पाहिली. चाफ्याखाली थेंब दहा मिनिटे तसेच उभे होते, आणि दक्षिणेकडे पोपडे निघालेल्या फळीत मिनिटाच्या आत जिरले. एकाच डेकवर दोन वेगळी लाकडे असावीत असे वाटले. सावलीतला व्हार्निश चांगला दिसतो म्हणून तो ठेवावा की काढावा?

दुसरे असे की कारागिराने यावेळी येताना पेचकस आणला, ज्याला आपल्याकडे सगळे डिसमिस म्हणतात, आणि फळ्यांखालच्या आडव्या लाकडांत तो टोचत गेला. बागेच्या नळाजवळ दोन ठिकाणी टोक लोण्यात जावे तसे बोटभर आत गेले. तो म्हणाला, "साहेब, आधी सुतार आणा, मग मी येतो." त्याला मी पीयूऐवजी तेलाच्या स्टेनविषयी विचारले, तेव्हा त्याने प्रामाणिकपणे सांगितले की डेकवर त्याने तो एकदाच लावला आहे, पण शिकायला त्याची हरकत नाही. पहिल्या माणसाला हेच विचारले असता त्याने "सगळे येते" असे उत्तर दिले.

रावपुऱ्याचे काका

सावलीतला व्हार्निश काढावाच लागेल. त्याच्यावर तेल बसणार नाही, चिकट राहील, आणि महिनाभर तुमच्या पायांना लागेल. जिथे टोक आत गेले तिथले लाकूड पूर्ण बदला, पुट्टी भरू देऊ नका. नवे लाकूडही प्रक्रिया केलेले घ्या आणि ते जोडण्यापूर्वी सर्व बाजूंनी, विशेषतः कापलेल्या तोंडांवर, स्टेन लावून घ्या. एकदा बसवले की खालच्या बाजूला ब्रश पोहोचत नाही. नळ गळत असेल तर प्लंबर सुताराच्याही आधी.

कुंपणावरच्या खिळ्यांचे काळे डाग ही लोखंड आणि सागवानातील टॅनिन (तुरट द्रव्य) यांची करणी आहे. ऑक्झॅलिक ॲसिडची पूड पाण्यात विरघळवून लावली की डाग बऱ्याच अंशी जातात, पण ते विषारी आहे, हातमोजे घालून लावावे आणि नंतर भरपूर पाण्याने धुवावे. खिळे तेच ठेवले तर डाग पुन्हा येणार. सुतार आलेलाच आहे तर त्याच्याकडून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू लावून घ्या. सागवान मुळातच तेलकट असते, म्हणून लेप लावण्याच्या थोडे आधी थिनरच्या फडक्याने पुसून घेतात. हे सांगायचे राहिले होते.

"एकदाच लावला आहे" म्हणणाऱ्याला काम द्या.

तरसालीची गच्ची

आमच्या गच्चीवर १५० चौरस फुटांचा लाकडी डेक आहे आणि तीन वर्षांपूर्वी त्याला तेलाचा स्टेन करून घेतला, त्या अनुभवावरून लिहिते. मोजपट्टीताई, तुमची बाकी सर्व सूचना मान्य आहे, पण पहिल्या पावसापर्यंत दहा टक्के रोखण्याची अट मी घातली तेव्हा दोन कारागीर चहा न पिता निघून गेले. रोजच्या मजुरीवर माणसे आणणारा लहान ठेकेदार डिसेंबरमध्ये केलेल्या कामाचे पैसे जूनपर्यंत सोडू शकत नाही, आणि सोडलेच तर तो ते आधीच दरात चढवतो. आम्ही शेवटी तीन आठवड्यांची मुदत ठरवली. तेवढ्यात चिकटपणा, डबकी आणि राहून गेलेल्या जागा दिसून येतात. त्यापुढचे दोष बहुधा आपल्याच घाईचे असतात.

नमुना करून घेतल्याशिवाय रंग ठरवू नका, असे मी आग्रहाने सांगेन. दुकानातल्या पट्टीवरचा 'अक्रोड' आमच्या पाइनवर वीटकरी दिसला. एक फळी उन्हातली आणि एक सावलीतली घ्यावी, दोन्ही पूर्ण घासून एक-एक हात लावावा आणि चार दिवस सकाळी व संध्याकाळी पाहावी. यात कारागिराचाही नमुना मिळतो. आमच्याकडे आलेल्या एकाने फळीच्या मध्यापासून सुरुवात केली आणि मध्येच फोन घेतला; परत येईपर्यंत कड वाळली होती आणि तेथे गडद पट्टा उमटला. ज्याला काम दिले त्याने मात्र दोन फळ्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता नेल्या, आणि पंधरा मिनिटांनी मागून त्याचा मुलगा फडक्याने जास्तीचे तेल पुसत आला. हे पुसणेच लोक टाळतात, कारण त्यांना वाटते की माल वाया जातो. जे तेल लाकूड पीत नाही ते वर राहून चिकटते आणि धूळ धरते.

वेळ सकाळची नऊपर्यंतची किंवा चारनंतरची ठेवावी. आपल्याकडे नोव्हेंबरातही दुपारची फळी हाताला चटका देते आणि तेल मुरण्याआधीच वाळते. गच्ची असल्यामुळे आम्हाला उत्तरायणही (पतंगांचा सण) सांभाळावे लागले. १४ जानेवारीला बडोद्यात गच्ची मोकळी ठेवणे शक्य नाही, आणि ओलसर डेकवर चिक्की, शेरडी (ऊस) आणि मांजाचे तुकडे पडले तर काय होईल ते सांगायला नको. काम डिसेंबरच्या मध्यापर्यंत संपवले. मार्चवर ढकलू नका. होळीला दाहोद-पंचमहालकडची माणसे गावी जातात आणि परत येईपर्यंत ऊन कडक झालेले असते.

एक गोष्ट कारागिराला माहीत नव्हती आणि मलाही नव्हती. जवसाच्या तेलाचा अंश असलेल्या स्टेनने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर वाळताना त्या आपोआप तापतात आणि पेटूही शकतात. काडी लागत नाही. आमच्या जिन्याखालच्या बादलीतून धूर येऊ लागला तेव्हा सासूबाईंनी आधी मला विचारले की कोणी विडी टाकली का. चिंध्या एक-एक पसरून मोकळ्या हवेत वाळवाव्यात किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवून ठेवाव्यात, आणि हे कागदावर लिहून द्यावे.

मोजपट्टी

पैसे रोखण्याबद्दल तुमचे म्हणणे पटले, तीन आठवडे ठीक आहेत. माझी सवय सरकारी बिलांची आहे.

समा-सावलीकर

आज कळवण्याजोगे आहे म्हणून लिहितो. नळ दुरुस्त झाला, सुताराने तीन आडवी लाकडे आणि पाच फळ्या बदलल्या, आणि फळ्यांमधली फट थोडी रुंद केली, म्हणजे पुढच्या वेळी उलथने लागणार नाही. तिसऱ्या कारागिराशी उक्ते ठरले: माल माझा आणि मजुरी २९,००० रुपये, त्यात पाच दिवस घासकामाचे. कागद गुजरातीत लिहिला. तो त्याने दोनदा वाचला आणि चिंध्यांच्या ओळीपाशी थांबून विचारले की हे कोणी सांगितले. डेकला रंगीत तेलाचा स्टेन आणि कुंपणाला बाहेरच्या वापराचा रंगीत लेप असे ठरले आहे.

दोन फळ्यांचा नमुना गेल्या आठवड्यात झाला. अक्रोड सावलीत काळपट वाटला, म्हणून घरच्यांनी त्याहून फिका सागवानी रंग निवडला. काल यंत्राने ओलावा पाहिला तेव्हा दक्षिणेकडे १२ आणि चाफ्याखाली १७ आला. कारागीर म्हणाला की चाफ्याची एक फांदी छाटा आणि आठ दिवस थांबा. फांदी छाटली आहे.

एकच शंका उरली आहे: डब्यावर लिहिलेल्या पसाऱ्यानुसार (एक लिटर किती जागेला पुरतो त्यानुसार) डेकला पाच लिटर पुरतील असे दिसते, पण तो सात आणायला सांगतो. आणावेत का?

रावपुऱ्याचे काका

सात आणा. डब्यावरचा पसारा गुळगुळीत नव्या लाकडाचा असतो. पूर सोसलेली, उन्हात वाळलेली फळी बरेच जास्त पिते, आणि मध्येच माल संपून दुसऱ्या खेपेचा डबा आणला तर छटा बदलते. सगळे डबे एका मोठ्या बादलीत एकत्र ढवळून मगच लावायला सांगा. काम सुरू होण्याआधी त्यातला अर्धा लिटर छोट्या डब्यात काढून झाकण घट्ट लावा आणि वर तारीख व रंगाचा क्रमांक लिहा. खुर्चीचा ओरखडा उठेल तेव्हा तो सापडला पाहिजे, म्हणून माळ्यावर नको, झोपाळ्याखालच्या कपाटात ठेवा.